बाण सोमेश्वरी, क्लिक रामेश्वरी!

एका मार्चअखेरीची गोष्ट. आमच्या गृहनिर्माण संस्थेचे खजिनदार हे निवृत्त बँक अधिकारी. आकडेमोडीत त्यांचा हात धरणारा आमच्या इमारतीत कोणी नाही. लॅपटॉपच्या लहान पडद्याने डोळे शिणतात म्हणून त्यांच्या मुलाने त्यांना एक मोठा मॉनिटर जोडून दिला आणि त्या दिवसापासून एक विचित्र प्रकार सुरू झाला. देखभाल खर्चाच्या तक्त्यात ते एका सदनिकेच्या ओळीवर क्लिक करीत आणि निवड मात्र खालच्या ओळीची होई. ‘अहो, मी एका घराची कडी वाजवतो आणि दार शेजारचा उघडतो,’ असे ते वैतागून म्हणत. माऊस बिघडला असेल म्हणून त्यांनी नवा आणला. तोही तसाच वागू लागला, तेव्हा दुसरा, जरा महागाचा आणला. फरक शून्य.

अखेर त्यांनी मनुष्यस्वभावाला अनुसरून बिघाडाशी तडजोड केली. निवड एक ओळ खाली पडते ना, मग आपण एक ओळ वर क्लिक करायचे! पहिल्या काही ओळींत ही युक्ती चालली. पुढे नजर पावतीपुस्तकावर आणि बोटे आकड्यांवर अशी गती आली आणि एका सभासदाने भरलेली रक्कम शेजाऱ्याच्या नावावर चढली. वर्षअखेरीला बेरीज पैशापैशाने जुळली. जुळणारच होती, कारण एकूण रक्कम तीच होती, केवळ ओळ बदलली होती. ज्यांनी वेळेवर पैसे भरले त्यांना थकबाकीची नोटीस गेली, तेव्हा कुठे चूक उघडकीस आली. तोवर जिन्यात शब्दाला शब्द वाढून गेला होता.

बाण एकीकडे आणि परिणाम भलतीकडे, हा अनुभव कार्यालयीन सॉफ्टवेअर वापरणाऱ्या अनेकांना केव्हा ना केव्हा येतो. एक्सेलमध्ये निवड सरकते, वर्डमध्ये कर्सर चुकीच्या ओळीत शिरतो, एखाद्या जुन्या हिशेबाच्या आज्ञावलीत ‘सेव्ह’ बटणावर क्लिक केले की काहीच घडत नाही आणि बटणाच्या थोडे खाली क्लिक केले की घडते. अशा वेळी बहुतेकांचा पहिला संशय माऊसवर जातो. हा संशय जवळपास नेहमीच चुकीचा असतो. तो का चुकीचा, खरा दोष कुठे शोधायचा आणि तो कसा दूर करायचा, हे समजून घेणे फारसे कठीण नाही.

माऊसला बाणाचा पत्ता ठाऊक नसतो

माऊसची कल्पना अमेरिकेतील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमधील संशोधक डग्लस एंगेलबार्ट यांची. त्यांचे सहकारी बिल इंग्लिश यांनी १९६४ मध्ये तिचा पहिला नमुना घडवला. ती एक लाकडी डबी होती आणि तिच्या पोटाशी एकमेकांशी काटकोनात बसवलेली दोन चाके होती. एक चाक आडवी हालचाल मोजी, दुसरे उभी. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे एंगेलबार्ट यांनी हे साधन जाहीरपणे चालवून दाखवले. पुढे चाकांची जागा रबरी गोळीने घेतली आणि गोळीची जागा टेबलाच्या पृष्ठभागाची क्षणाक्षणाला छायाचित्रे टिपणाऱ्या प्रकाशीय डोळ्याने. मूळ तत्त्व मात्र आजही तेच आहे.

माऊस संगणकाला फक्त एवढेच कळवतो, की मागच्या खेपेपासून आपण इतके डावी-उजवीकडे आणि इतके वर-खाली सरकलो आणि अमुक बटण दाबले गेले. बाण पडद्यावर नेमका कुठे आहे हे त्याला मुळीच ठाऊक नसते. तो हिशेब ठेवते ऑपरेटिंग सिस्टीम. माऊसने कळवलेली हालचाल ती आधीच्या जागेत मिळवते, बाण नव्या जागी रंगवते आणि क्लिक झाला की ती जागा संबंधित आज्ञावलीला कळवते. त्या जागी कोणते बटण, कोणती ओळ किंवा कोणते अक्षर आहे, हे मग आज्ञावली ठरवते.

यावरून एक अतिशय उपयोगी निष्कर्ष निघतो. माऊस खराब असेल तर बाण अडखळेल, उड्या मारील, आपोआप सरकेल किंवा एका क्लिकचे दोन क्लिक होतील. चकचकीत काचेच्या टेबलावर प्रकाशीय माऊस असाच बावचळतो, तेव्हा खाली एक साधा कागद ठेवून पाहावा. परंतु बाण सुरळीत चालतो, हवा तिथे थांबतो आणि तरीही क्लिक भलतीकडे पडतो, असे होत असेल तर तो दोष माऊसचा असूच शकत नाही. तो ऑपरेटिंग सिस्टीम आणि आज्ञावली यांच्यातील हिशेबाचा घोटाळा आहे. तिथे माऊस बदलणे म्हणजे रोग म्हशीला आणि औषध पखालीला!

एक पडदा, दोन मोजपट्ट्या

हा घोटाळा होतो कसा? संगणकाचा पडदा असंख्य टिंबांचा, म्हणजे पिक्सेलचा, बनलेला असतो. एका इंचात ९६ टिंबे, असे प्रमाण विंडोजने सुरुवातीच्या काळापासून गृहीत धरले आणि आज्ञावली लिहिणाऱ्यांनीही ते डोळे मिटून स्वीकारले. मॉनिटर मोठे आणि टिंबे जाड होती तोवर हे खपून गेले. पुढे लॅपटॉपच्या चौदा इंची पडद्यावर आडवी १९२० आणि उभी १०८० टिंबे बसू लागली. टिंबे इतकी बारीक झाली की ९६च्या हिशेबाने काढलेली अक्षरे मुंगीएवढी दिसू लागली. त्यावर उपाय म्हणून पडद्यावरील प्रत्येक गोष्ट सव्वापट किंवा दीडपट करून दाखवण्याची सोय आली. सेटिंग्जमध्ये ‘स्केल’ या नावाखाली १०० टक्के, १२५ टक्के, १५० टक्के असे जे आकडे दिसतात, ते हेच. १२५ टक्के म्हणजे ९६ऐवजी १२० आणि १५० टक्के म्हणजे १४४.

प्रश्न उरला तो ९६चाच पाढा पाठ केलेल्या जुन्या आज्ञावलींचा. २००७ मध्ये सर्वसामान्य ग्राहकांच्या हाती आलेल्या विंडोज व्हिस्टाने त्यासाठी दुभाष्याची भूमिका घेतली. जुन्या आज्ञावलीला सांगायचे, की पडदा ९६चाच आहे. तिने काढलेले चित्र ताणून मोठे करायचे आणि पडद्यावर दाखवायचे. उलट दिशेने, क्लिकची जागा आज्ञावलीला कळवताना, ती तेवढ्याच प्रमाणात आक्रसून सांगायची. जाताना ताणणे आणि येताना आक्रसणे, ही दोन्ही कामे एकाच मापाने झाली तर कुणालाही काही कळत नाही. त्यांतले एक माप चुकले की बाण आणि क्लिक यांची फारकत होते.

एका संगणकाला दोन पडदे जोडण्याची पद्धत रूढ झाली आणि गुंता आणखी वाढला. लॅपटॉपचा पडदा १५० टक्क्यांवर आणि शेजारचा मोठा मॉनिटर १०० टक्क्यांवर. खिडकी इकडून तिकडे ओढली की आज्ञावलीने चालत्या गाडीत मोजपट्टी बदलायची! विंडोज ८.१ने २०१३ मध्ये प्रत्येक पडद्याचे प्रमाण वेगळे ठेवण्याची सोय दिली. २०१७ मधील विंडोज १०च्या सुधारित आवृत्तीने ती अधिक पक्की केली. तथापि ही सोय आज्ञावलीनेही पाळावी लागते. अनेक आज्ञावली साइन इन करताना मुख्य पडद्याचे जे प्रमाण होते तेच दिवसभर खरे मानून चालतात. मध्येच मॉनिटर किंवा प्रोजेक्टर जोडला, की त्यांचा हिशेब शिळा होतो. सभागृहात प्रोजेक्टर जोडताच एक्सेलच्या तक्त्यावर बसवलेली बटणे लहान-मोठी होतात, हाही याच कुटुंबातील प्रकार आहे.

फरक सारखा की वाढता?

वैद्य जशी आधी नाडी पाहतो, तशी इथेही आधी परीक्षा हवी. त्यासाठी कोणतेही साधन लागत नाही. एक कोरा तक्ता उघडावा. खिडकीच्या वरच्या डाव्या कोपऱ्याजवळच्या चौकटीत क्लिक करावे, मग मध्यभागी, मग खालच्या उजव्या कोपऱ्यात. प्रत्येक वेळी प्रत्यक्षात कोणती चौकट निवडली गेली ते पाहावे. एक्सेलमध्ये सूत्रपट्टीच्या डाव्या टोकाला ‘नेम बॉक्स’ असतो. त्यात निवडलेल्या चौकटीचा पत्ता लिहून येतो. डोळ्यांवर विसंबण्यापेक्षा तो पत्ता कागदावर टिपून घ्यावा.

आता टिपलेला फरक तपासावा. फरक सगळीकडे सारखाच असेल, म्हणजे कोठेही क्लिक केले तरी एकच ओळ खाली जात असेल, तर चूक आरंभबिंदूची आहे. मोजपट्टी बरोबर आहे, पण ती शून्यापासून न लावता थोडी सरकवून लावली गेली आहे. फरक वरच्या कोपऱ्यात नगण्य आणि खाली-उजवीकडे जाताना वाढत असेल, तर मोजपट्टीच चुकीची आहे, म्हणजेच ‘स्केल’चा घोटाळा आहे.

हे एका साध्या गणिताने स्पष्ट होईल. एक्सेलमध्ये ओळीची नेहमीची उंची १०० टक्के प्रमाणात २० टिंबे असते. १२५ टक्के प्रमाणात ती २५ टिंबे होते. समजा, पडद्यावर ओळी २५ टिंबांच्या दिसत आहेत, पण क्लिकचा हिशेब २०च्या मापाने होतो आहे. पहिल्या ओळीच्या वरच्या कडेपासून ९० टिंबांवर क्लिक केले, तर डोळ्यांना ती चौथी ओळ दिसते आणि हिशेबात पाचवी येते. फरक एका ओळीचा. ४९० टिंबांवर क्लिक केले, तर दिसते विसावी ओळ आणि निवडली जाते पंचविसावी. फरक पाच ओळींचा! आमच्या खजिनदारांची ‘एक ओळ वर’ ही युक्ती आरंभी चालली आणि पुढे फसली, ती याचमुळे. वाढत्या फरकाशी ठरावीक तडजोड करता येत नाही.

त्यानंतर तीन प्रश्न विचारावेत. हा प्रकार एकाच फाइलमध्ये होतो की सर्व फायलींत? एकाच आज्ञावलीत की सगळीकडे? एकाच पडद्यावर की दोन्हींवर? एकाच फाइलमध्ये होत असेल तर त्या फाइलचा झूम आणि रचना तपासावी. एकाच आज्ञावलीत होत असेल तर तिच्या मांडणीत दोष आहे. एकाच पडद्यावर होत असेल तर दोन पडद्यांच्या प्रमाणांत तफावत आहे. आणि सर्वत्र होत असेल तर पडद्याचे चित्र रेखाटणारा ग्राफिक्स ड्रायव्हर, स्पर्शपडदा किंवा दूरस्थ जोडणी यांच्याकडे वळावे.

दोष नसलेले दोष

उपायांकडे जाण्यापूर्वी काही चकवे बाजूला काढले पाहिजेत. एक्सेलमध्ये क्लिक करताच एका चौकटीऐवजी मोठा पट्टाच निवडला जात असेल, तर बहुधा चुकून एफ-८ ही कळ दाबली गेलेली असते. या कळीने निवड वाढवत नेण्याची स्थिती सुरू होते आणि खालच्या पट्टीत तशी सूचना झळकते. एस्केप किंवा पुन्हा एफ-८ दाबले की ती बंद होते. तसेच कंट्रोल कळ दाबलेली असताना माऊसचे चाक फिरले की तक्त्याचा झूम बदलतो आणि सगळे जागेवरून हलल्यासारखे वाटते. झूम १०० टक्क्यांवर आणला की हा भास संपतो.

दुसरा चकवा खुद्द बाणाचा. पडद्यावरील बाण हे एक चित्र आहे आणि त्या चित्रातील फक्त एकच टिंब खरे असते. साध्या बाणाचे ते टिंब टोकाशी असते, तर एक्सेलमधील जाड पांढऱ्या अधिकचिन्हाचे त्याच्या मध्यभागी. हौसेने इंटरनेटवरून उतरवून घेतलेल्या नक्षीदार बाणांत हे टिंब भलत्याच जागी असू शकते. मग टोक एकीकडे आणि क्लिक दुसरीकडे, तोही सर्वत्र सारख्याच अंतराने. माऊसच्या सेटिंग्जमध्ये ‘पॉइंटर्स’ या पानावर जाऊन विंडोजचे मूळ बाण परत निवडले, की हा दोष जातो.

तिसरा गोंधळ वर्डमधला. माऊसबरोबर फिरणारी उभी रेघ आणि मजकुरात लुकलुकणारी रेघ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टंकलेले अक्षर उमटते ते लुकलुकणाऱ्या रेघेपाशी. माऊस नुसता हलवून, क्लिक न करता टंकायला सुरुवात केली, तर अक्षरे जुन्याच जागी उमटणार. नवशिक्यांच्या पुष्कळ तक्रारी एवढ्या एका गोष्टीने मिटतात.

मराठी मजकुरातला कर्सर

मराठीत टंकलेखन करणाऱ्यांना आणखी एक अनुभव येतो. ‘क्षत्रिय’ या शब्दात ‘क्’ आणि ‘ष’ यांच्या मधोमध कर्सर न्यावा म्हटले, तर तो तिथे जातच नाही. क्लिक कुठेही करा, तो ‘क्ष’च्या अलीकडे किंवा पलीकडे उभा राहतो. हा बिघाड नव्हे, ही देवनागरीची रीत आहे. युनिकोडमध्ये ‘क्ष’ हा ‘क’, हलन्ताचे चिन्ह आणि ‘ष’ अशा तीन संकेतांनी साठवला जातो, पण पडद्यावर त्याची एकच आकृती होते. तिच्या पोटात कर्सरला जागा नसते. ‘कि’मधील वेलांटी डोळ्यांना ‘क’च्या आधी दिसते, परंतु साठवली जाते ‘क’च्या नंतर. ‘अर्थ’मधील रफार दिसतो ‘थ’च्या डोक्यावर, पण संकेतांच्या क्रमात ‘र’ आधी येतो.

म्हणूनच वर्डमध्ये बॅकस्पेस दाबले की जोडाक्षराचा शेवटचा एकच संकेत पुसला जातो आणि डिलीट दाबले की कर्सरच्या पुढचे अख्खे जोडाक्षर नाहीसे होते. हे ध्यानात ठेवले तर जोडाक्षरातील चूक सुधारताना क्लिकने नेम धरण्याचा खटाटोप वाचतो. अक्षराच्या पलीकडे कर्सर ठेवावा आणि बॅकस्पेसने एकेक संकेत मागे यावे.

उपाय : सौम्याकडून तीव्राकडे

खरोखरच हिशेब चुकतो आहे अशी खात्री झाली, की उपाय क्रमाने करावेत आणि प्रत्येक उपायानंतर वरची तीन ठिकाणांची परीक्षा पुन्हा घ्यावी. एकाच वेळी पाच गोष्टी बदलल्या, तर गुण कशाने आला ते कळत नाही आणि उद्या तोच त्रास उद्भवला तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

सर्वप्रथम काम जतन करून विंडोजमधून साइन आउट व्हावे आणि पुन्हा आत यावे. मॉनिटर किंवा प्रोजेक्टर आधी जोडलेला असावा. साइन इन करताना आज्ञावलींना ताजी मापे मिळतात आणि शिळ्या हिशेबाचा त्रास बरेचदा इथेच संपतो.

तेवढ्याने भागले नाही, तर ‘सेटिंग्ज – सिस्टीम – डिस्प्ले’ येथे जावे. तिथे दोन्ही पडद्यांची चित्रे दिसतात. प्रत्येकावर क्लिक करून त्याचे ‘स्केल’ पाहावे आणि शक्य असल्यास दोन्ही सारखे करावे. ज्या पडद्यावर मुख्य काम चालते त्याला मुख्य पडदा म्हणून नेमावे. रिझोल्यूशनच्या यादीत विंडोज ज्याची शिफारस करते तोच आकडा ठेवावा. अक्षरे लहान वाटत असतील तर रिझोल्यूशन कमी न करता स्केल वाढवावे. याच पानावर पडद्यांची चित्रे ओढून त्यांची मांडणीही बदलता येते. टेबलावर मॉनिटर डावीकडे आणि या चित्रात उजवीकडे असेल, तर बाण कडेला अडतो आणि माऊस बिघडल्याचा भास होतो.

यापुढची पायरी ऑफिसमधली. मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या अलीकडच्या आवृत्त्यांत ‘फाइल – ऑप्शन्स – जनरल’ येथे एकाहून अधिक पडदे वापरणाऱ्यांसाठी दोन पर्याय असतात. एक उत्तम दिसण्यासाठी आणि दुसरा सुसंगतीसाठी, ज्याचे नाव ‘ऑप्टिमाइझ फॉर कम्पॅटिबिलिटी’ असे आहे. दुसरा पर्याय निवडून आज्ञावली बंद करून पुन्हा उघडावी. अक्षरे एखाद्या पडद्यावर किंचित धूसर दिसतील, पण क्लिक जागेवर पडू लागण्याची शक्यता मोठी असते. हिशेबाच्या कामात देखणेपणापेक्षा नेमकेपणा मोलाचा. काही आवृत्त्यांत ‘ॲडव्हान्स्ड’ या पानावर हार्डवेअर ग्राफिक्सचा वेग बंद करण्याचाही पर्याय असतो, तोही आजमावून पाहावा.

एखादी जोड-आज्ञावली, म्हणजे ॲड-इन, खोडी काढत नाही ना हे पाहण्यासाठी कंट्रोल कळ दाबून धरून एक्सेल उघडावे. ते ‘सेफ मोड’मध्ये सुरू करायचे का, असे संगणक विचारतो. त्या स्थितीत क्लिक नीट पडत असेल, तर ॲड-इन एकेक करून बंद करीत गुन्हेगार शोधावा. लिबरऑफिस वापरणाऱ्यांना हीच सोय ‘हेल्प’ या यादीत सुरक्षित स्थितीत पुन्हा सुरू करण्याच्या नावाने मिळते. लिबरऑफिसमध्ये ‘टूल्स – ऑप्शन्स – व्ह्यू’ येथे पडदा रेखाटण्यासाठी स्किया नावाची यंत्रणा वापरायची की नाही, हे ठरवता येते. ती बंद करून पाहणे हाही एक चांगला तपास आहे.

ऑफिसव्यतिरिक्त एखादी जुनी हिशेबाची किंवा पगारपत्रकाची आज्ञावली असा त्रास देत असेल, तर तिच्या चिन्हावर उजवे क्लिक करून ‘प्रॉपर्टीज – कम्पॅटिबिलिटी’ येथे जावे. तिथे ‘चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज’ हे बटण असते. ताणण्या-आक्रसण्याचे काम आज्ञावलीने करायचे की विंडोजने, हे तिथे ठरवता येते. जुन्या आज्ञावलीच्या बाबतीत ते विंडोजकडे, म्हणजे ‘सिस्टीम’कडे, सोपवणे सहसा श्रेयस्कर ठरते. या सर्वांनी भागले नाही, तर ग्राफिक्स ड्रायव्हर लॅपटॉप किंवा संगणक बनवणाऱ्या कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरून अद्ययावत करावा. ‘ड्रायव्हर फुकट दुरुस्त करून देतो’ असे सांगणाऱ्या अनोळखी आज्ञावलींच्या नादी लागणे म्हणजे आगीतून फुफाट्यात पडणे होय.

स्पर्शपडदे आणि दूरचे संगणक

स्पर्शाने चालणाऱ्या पडद्याचे गणित माऊसपेक्षा वेगळे असते. माऊस केवळ हालचाल कळवतो, तर स्पर्शपडदा थेट जागाच कळवतो. त्यामुळे इथे उपकरणाचा दोषही संभवतो. बोट एका पडद्यावर आणि परिणाम दुसऱ्याच पडद्यावर असे होत असेल, तर कंट्रोल पॅनलमधील ‘टॅब्लेट पीसी सेटिंग्ज’मध्ये कोणता पडदा स्पर्शाचा आहे हे संगणकाला नव्याने सांगावे लागते. लेखणी किंवा बोट थोडे बाजूला उमटत असेल, तर तिथेच ‘कॅलिब्रेट’ ही सोय आहे.

घरी बसून कार्यालयातील संगणक चालवताना मोजपट्ट्यांची संख्या आणखी वाढते. घरच्या पडद्याचे प्रमाण एक, तिकडचे दुसरे आणि मधल्या खिडकीत बसवण्यासाठी चित्र लहान केलेले असले तर तिसरे! अशा वेळी दूरच्या संगणकाची खिडकी पूर्ण पडदा व्यापेल अशी करावी, चित्र लहान-मोठे करण्याची सोय बंद करावी आणि घरच्या पडद्याचे स्केल बदलले असल्यास जोडणी तोडून पुन्हा जोडावी.

बेरीज जुळली म्हणजे हिशेब जुळला नव्हे

दुरुस्ती होईपर्यंत कामे थांबत नाहीत. या मधल्या काळात सर्वांत भरवशाचा सोबती म्हणजे कीबोर्ड. एक्सेलमध्ये एफ-५ दाबून चौकटीचा पत्ता लिहिला आणि एंटर केले, की निवड नेमकी तिथे जाते. बाणांच्या कळा कधीही ओळ चुकत नाहीत, कारण त्यांच्या हिशेबात टिंबे येतच नाहीत. रक्कम टंकण्यापूर्वी एक नजर नेम बॉक्सवर टाकण्याची सवय लावावी. चुकून भलतीकडे टंकले गेले, तर कंट्रोल आणि झेड या कळा एकत्र दाबून ताबडतोब मागे यावे. प्रयोगांना हात घालण्याआधी फाइलची एक प्रत वेगळ्या नावाने ठेवावी, हे तर सांगायलाच नको.

आणि ज्या काळात हा बिघाड होता, त्या काळातील नोंदी मूळ पावत्यांशी ओळीओळीने ताडून पाहाव्यात. नुसती बेरीज पुरत नाही. एकाची रक्कम दुसऱ्याच्या नावावर चढली तरी बेरीज हूं की चूं करत नाही. पगारपत्रकात, गुणपत्रिकेत किंवा औषधांच्या साठ्याच्या तक्त्यात हीच चूक झाली, तर तिची किंमत जिन्यातल्या भांडणापेक्षा कितीतरी मोठी असू शकते.

आमच्या खजिनदारांच्या संगणकाचे निदान वर सांगितलेल्या परीक्षेने पाच मिनिटांत झाले. फरक खाली जाताना वाढत होता, म्हणजे मोजपट्टी चुकत होती. लॅपटॉप १५० टक्क्यांवर होता आणि मॉनिटर १००वर. दोन्ही पडद्यांचे प्रमाण १२५ टक्के केले, मोठ्या मॉनिटरला मुख्य पडदा नेमले, साइन आउट करून पुन्हा आत आलो आणि निवड मुकाट्याने बाणाच्या जागी पडू लागली. एका पैशाचाही खर्च आला नाही. त्यानंतर ते तीन रात्री बसले आणि वर्षभराच्या पावत्या एकेका सदनिकेशी ताडून पाहिल्या. आणखी दोन नोंदी सरकलेल्या सापडल्या. त्यांनी त्या दोन्ही घरी स्वतः जाऊन दिलगिरी व्यक्त केली. ज्यांना थकबाकीची नोटीस गेली होती, त्यांच्याकडे ते मिठाईचा पुडा घेऊन गेले.

नवे आणलेले दोन माऊस मात्र अजून त्यांच्या टेबलाच्या खणात आहेत. कोणी संगणकाची तक्रार घेऊन आले, की ते खण उघडून ते दाखवतात आणि म्हणतात, ‘आधी कोपऱ्यात क्लिक करून पाहा, मग मध्यभागी, मग तळाशी. बाजारात जायचे की नाही, ते नंतर ठरवू.’